वाटाड्याची घोंगडी

ऐतिहासिक मालिका लागली की मला मळमळतं. अगदी खरोखरीचं मळमळतं. मी उठून मागच्या ओट्यावर जाऊन उभी राहते. नवऱ्याला आता सवय झाली आहे. तो आवाज थोडा कमी करतो, मालिका बंद मात्र करत नाही.

पूर्वी मी नुसती चिडायचे. जन्म कर्जतचा, नोकरी कर्जतच्या हायस्कुलात, आणि ती सगळी इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे पडद्यावर तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची, बटाटा इथे घरोघरी पोचायच्या आधीची दासी बटाटे सोलताना दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नऊवारीला मागे चेन लावलेली. लढाईवर निघालेल्या शिलेदाराच्या भुवया कोरलेल्या. तुळशीवृंदावनाला न्हाणीघरात बसवतात तसल्या चकचकीत फरशा. मी ओरडायचे, आणि नवरा कुरडई कुडुमकुडुम खात म्हणायचा, "अगं, करमणूक आहे ती! तू काय वह्या तपासायला बसली आहेस का? खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. बघायचं आणि सोडून द्यायचं."

"मग खोटंच बघायचं तर राजे-रजवाडे कशाला लागतात तुम्हाला? शेजाऱ्यांची भांडणं बघा की."

"ती तू रोज ऐकवतेसच," तो म्हणायचा, आणि वाद तिथे थांबायचा.

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला अगदीच अमान्य नव्हतं. लहानपणी आमच्या आळीच्या उत्सवात दरवर्षी ऐतिहासिक नाटक व्हायचं. राजा व्हायचे आमचे पोस्टमन. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे, म्हणून राजाला चष्मा. मनगटावर घड्याळ. राणी व्हायचा आमचा शिंपी, आणि त्या दुपारी तो मिशी काढायला बसला की सगळी आळी बघायला जमायची. नाटकात इतिहास औषधालासुद्धा नसे. तरी राजा पडला की बायका पदराने डोळे पुसायच्या, मीही हुंदके देऊन रडायचे. दुसऱ्या दिवशी तोच राजा सायकलवरून पत्रं वाटत यायचा आणि माझी आई म्हणायची, "या महाराज, चहा घेता का?" इतका आनंद मला पुढे कुठल्याही अचूक गोष्टीने दिला नाही. तेव्हा चष्मा आणि बटाटे हा खरा मुद्दाच नव्हता, हे मला समजायला हवं होतं. समजलं नाही.

निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, एका मालिकेचा सेट उभा राहिला. माझा एक जुना विद्यार्थी तिथे पाण्याचे टँकर पुरवायचा. त्याने तिथल्या लोकांना सांगितलं, "आमच्या बाईंना विचारा, त्यांना सगळं पाठ आहे." झालं. एक दिवस गाडी दारात आली.

सेट बघून पहिल्यांदा आली ती किळसच. लांबून किल्ला, जवळ जाऊन बुरुजावर टकटक केलं तर पोकळ आवाज. मागे सगळे बांबू आणि प्लायवुड. रंगाचा उग्र वास. रक्त म्हणून लावलेल्या साखरेच्या लाल पाकावर माशा घोंगावताहेत, आणि मेलेले सैनिक त्या माशा हाकलत वडापाव खाताहेत. जेवणाच्या कागदी ताटल्या, बाटल्या, सगळं मागच्या ओढ्यात. हा ओढा पुढे नदीला मिळतो, तिथे आमची माणसं कपडे धुतात. आणि संध्याकाळी याच ओढ्याकाठी मातीवरच्या प्रेमाबद्दल पानभर संवाद म्हटले गेले.

पण मग त्यांनी मला खुर्ची दिली. मालिकेचा लेखक, तिशीचा, मुंबईचा, फार गोड बोलणारा. "मॅम, तुम्ही फक्त चुका सांगा, आम्ही सुधारू." मी बटाटे सांगितले, त्यांनी बटाटे काढले. वृंदावनाच्या फरशा सांगितल्या, त्यावर शेणामातीचा लेप आला. माझं ऐकलं जात होतं! इतकी वर्षं चाळीस मिनिटांच्या तासाला जांभया देणारी पोरं बघितलेली मी; इथे माझ्या एका शब्दावर दहा माणसं धावत होती. मालिकेच्या शेवटी नावांच्या यादीत माझं नाव यायला लागलं, "इतिहास सल्लागार" म्हणून. अक्षरं मुंगीएवढी आणि पळायची घोड्यासारखी, तरी भाजीवालीने ओळखलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले, हे कबूल करायला मला आता लाज वाटते, पण चढले.

आणि तिथेच, त्या खुर्चीत बसून, मी ती गोष्ट सांगितली.

कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. चैत्रात तिथल्या गावदेवीची जत्रा असते. उन्हं चढायच्या आत पालखी निघते, आणि पालखीच्या पुढे एकटा माणूस चालतो. हा वाटेचा मान एका घराचा. त्या घराचा कर्ता पुरुष हातात काठी घेतो आणि डोक्यावरून काळ्या घोंगडीची खोळ घेतो, भर चैत्राच्या उकाड्यात. खोळ म्हणजे पावसात शेतावर जाताना घेतात तशी, डोक्यावर टोक काढून पाठीवर सोडलेली घोंगडी. घोंगडीला पांढरा काठ असतो. बाकी सगळे खोळ घेतात तेव्हा तो काठ बाहेर दिसतो. हे घर मात्र काठ आत दुमडतं.

का, तर गावात सांगतात ते असं. जुन्या काळी फौज आली. तेव्हा या घरच्या वाटाड्याने गावातल्या बायका-पोरांना कारवीच्या रानातून वर पठारावर नेलं. पांढरा काठ खालून दिसेल म्हणून त्याने तो आत दुमडला, आणि सगळ्यांना तसंच करायला लावलं. सगळे वर पोचल्यावर तो मागे राहिलेली एक म्हातारी आणायला खाली उतरला, तो परत आलाच नाही. म्हणून देवीच्या पुढे त्याचं घर.

नोकरीत असताना दरवर्षी मी नववीच्या पोरांना जीपने तिथे घेऊन जायचे. अलीकडे मान होता तो एका सत्तरीपलीकडच्या शेतकऱ्याकडे. मुलगा रसायनीला कंपनीत, सून घर आणि भातशेती सांभाळणारी. मी म्हाताऱ्याला बाबा म्हणायचे. ते खळ्यात उभे राहून पोरांना गोष्ट सांगायचे. सांगताना शेवटी नेहमी आवाज बसायचा, दरवर्षी, त्याच जागी. "म्हातारीला आनाया गेला," एवढं म्हणायचे आणि पाणी प्यायला आत जायचे. गोष्ट किती जुनी, पण बोलायचे असं की कालच घरातून कुणी गेलं आहे.

ही गोष्ट मी त्या लेखकाला जेवताना सांगितली. त्याने ताट बाजूला ठेवून वहीत लिहून घेतली. "मॅम, काय डिटेल आहे हो! काठ आत दुमडायचा! अंगावर काटा आला बघा." मला वाटलं, चला, एका चांगल्या माणसाचं चीज झालं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

पुढे महिन्याभराने मला सेटवर बोलावलं. एक नट उभा होता, काळी घोंगडी घेऊन. कपडेवाल्याला खोळ जमत नव्हती. मी पुढे झाले. माझ्या हातांनी त्याच्या डोक्यावर खोळ बसवली, पांढरा काठ आत घेतला, टोक नीट केलं. त्याच्या कमरेला मखमली बटवा लटकत होता. मी म्हटलं, "अहो, डोंगरातल्या माणसाकडे मखमल कुठली? जाडंभरडं कापड वापरा." लगेच बटवा बदलला. आत काय ठेवणार आहेत, हे मी विचारलं नाही. पानतंबाखू असेल, असं गृहीत धरलं. त्यांनी कागद दिले होते ते फक्त माजघराच्या प्रसंगांचे, आणि मी तेवढ्यातच भांडी तपासत बसले होते. वाटाड्याचं काय करणार, हा एक प्रश्न विचारायला मला किती वेळ लागला असता?

तो भाग लागला त्या दिवशी मी स्वतः टीव्ही लावला. नवऱ्याला म्हटलं, "बसा, आज आपल्या कशेळ्याकडची गोष्ट आहे." तो खूश झाला.

घोंगडीची खोळ घेतलेला माणूस डोंगरात उभा. सुरेख दिसत होता. मग खालून मशाली आल्या. फौजेच्या मशाली. आणि त्या माणसाने खोळीचा आत दुमडलेला काठ दाखवून खूण केली, की मीच तो, या इकडे. सरदाराने मोहरा पुढे केल्या. त्याने त्या जाड्याभरड्या बटव्यात घेतल्या, माझ्या पसंतीच्या बटव्यात. मोहरा घेताना तो हसला. तोंडभर, लाल दात दाखवून, डोळे बारीक करून. मग त्याने फौजेला वाट दाखवली, आणि पुढची दहा मिनिटं पठारावरच्या बायका किंचाळत होत्या, मागे ढोल, व्हायोलिन, वीज, पाऊस.

"काय नीच माणूस आहे!" नवरा म्हणाला. तो खरंच तापला होता, खुर्चीच्या कडेला आला होता. "असल्या फितुरांना उलटं टांगायला पाहिजे. काय काम केलंय पण त्या नटाने, वा!"

शेवटी नावं पळाली, त्यात माझं पळालं. मी न्हाणीत जाऊन ओकले. वाढवून सांगत नाही, ओकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या सुनेचा फोन. बिचारी ओरडलीसुद्धा नाही. "बाई, तुमी काय सांगितलंत ओ त्यांना? आमच्या पोरीला शाळंत फितुराची म्हनतात. कुनीतरी त्यो हसतो तेवढाच तुकडा काढून सगळ्यांच्या मोबाइलवर टाकलाय. बाबा जेवलं नायत कालपासून."

"मी असं सांगितलं नव्हतं गं," मी म्हटलं.

"पन नाव तर तुमचंच हाय ना खाली?"

तडक सेटवर गेले. लेखक मला बघून हसतच उठला. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या गोष्टीतल्या माणसाला फितूर केलंत. का?"

"मॅम, बसा ना. बघा, आम्हाला त्या आठवड्यात एक गद्दार हवा होता. आणि तुमच्या गोष्टीतला वाटाड्या चांगला होता पण फ्लॅट होता हो. मरतो, संपलं. असा उलटा केल्यावर काय इमोशन आलं बघा! आणि आम्ही गावाचं नाव कुठे घेतलं? सुरुवातीला पाटी असते, काल्पनिक आहे म्हणून."

"अख्ख्या तालुक्यात काठ आत दुमडणारं एकच घर आहे. गावाचं नाव कशाला लागतंय?"

"पण कॉस्च्युम किती ऑथेंटिक होता मॅम! सगळ्यांनी कौतुक केलं. क्रेडिट तुम्हाला आहे." आणि हे तो मनापासून म्हणत होता, ही त्यातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट. त्याला वाटत होतं, मी या कौतुकाने विरघळेन. त्याआधीच्या सहा महिन्यांत मी विरघळतच आले होते, म्हणजे त्याचा अंदाज काही चुकीचा नव्हता. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसानंतर ती खुर्ची आणि मुंगीएवढं नाव दोन्ही सुटलं, पण घोंगडी घेतलेला तो माणूस गावोगाव हसतच राहिला.

जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. सुनेकडूनच समजलं की गावाने देवळात बैठक लावली आहे, वाटेचा मान त्या घराकडे ठेवायचा की नाही हे ठरवायला. मी जीप पकडून कशेळ्याला, तिथून रिक्षाने गावात पोचले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताच्या रोपांच्या वाफ्यांवर पाला पसरून राब भाजत होते, धुराने डोळे चुरचुरत होते.

बैठकीत पुढारपण करत होता तो माझाच आणखी एक जुना विद्यार्थी. आता फार्महाउसांच्या जमिनी जुळवून देतो, गळ्यात जाडजूड साखळी. त्याने उठून माझ्या पाया पडून खुर्ची दिली. पुन्हा खुर्ची! मी उभीच राहिले. बाबा भिंतीकडेला बसले होते, मान खाली.

मी सगळं सांगितलं. मूळ गोष्ट, लेखकाने काय केलं, पाटी, सगळं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाई, रागावू नका. पण तुमीच आम्हाला शिकवलंत ना, पुरावा काय, कागद दाखवा. मग आता दाखवा की कागद. बाबांच्या गोष्टीला कागद हाय का?"

"नाही. आणि मालिकेच्या गोष्टीला आहे का रे?"

"त्यांनी अभ्यास केल्याबिगर दाखवलं असंल का? घोंगडी बघा, जशीच्या तशी. काठसुद्धा आत. येवढं बारीक ज्यांना म्हाईत, त्यांना मोठं म्हाईत नसंल? आणि खाली तुमचं नाव."

लोक माना डोलवायला लागले. माझ्याच वर्गातून गेलेली माणसं! मला तेव्हा त्यांची शिसारी आली, आणि त्याहून माझी आली. आयुष्यभर मी यांना भांडी, वर्षं, तहाची कलमं घोकायला लावली होती. बारीकसारीक बरोबर असलं की उत्तराला पूर्ण मार्क, हे मीच शिकवलं होतं त्यांना.

"ऐका," मी म्हटलं. "ती घोंगडी मी बसवली. या हातांनी. तो लाचेचा बटवा मखमली होता, तो बदलायला मी लावला, कशासाठी आहे ते न विचारता. घोंगडी खरी आहे कारण ती मी बाबांच्या अंगावर पाहिली होती. बाकीचं सगळं मुंबईच्या एका माणसाने बसल्या जागी रचलं, कारण त्याला त्या आठवड्यात एक वाईट माणूस कमी पडत होता. माझी अक्कल शेण खायला गेली होती. शिक्षा द्यायची तर मला द्या. या माणसाने काय केलंय?"

मग बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"काय रं, त्या डब्यात दिसायच्या आदी ह्या घराला कवा कुनी नाव ठेवलं व्हतं का? तुझ्या बापानं? आज्यानं? आं? तुमी सगळी दरसाल ह्याच्या मागनं चाललात ना? मग आता डबा बोलला म्हनून गावदेवी खोटी झाली का रं?"

"तसं नाय आजी..."

"तसंच हाय! गप बस. लाज धर जरा."

हशा झाला, आणि त्या हशात सगळा ताण निघून गेला. तो पुढारीसुद्धा ओशाळून हसला. ठरलं, मान होता तसाच राहील. एकदोघांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. परतीच्या जीपमध्ये मी गुर्मीतच बसले होते. घरी येऊन नवऱ्याला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. तो म्हणाला, "मी त्या दिवशी फार बोललो गं त्या माणसाला." मी म्हटलं, "बोललात खरे." त्या रात्री त्याने मालिका लावली नाही. दुसऱ्या दिवशी लावली.

जत्रेच्या दिवशी मी पहाटेच निघून गावात पोचले. पालखी देवळासमोर सजून तयार होती. ढोलवाले हात चोळत उभे. पुढारी पुन्हा पाया पडला आणि म्हणाला, "बाई, बाबा अजून आलं नायत. दोनदा मानसं पाठवली. तुमी जरा बघता का?"

घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. सून दारात उभी, डोळे सुजलेले. घोंगडी घडी घालून ओट्यावर ठेवलेली, काठीही तिथेच. बाबा शेजारी भिंतीला टेकून बसले होते, अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. तयारी सगळी झालेली.

"बाबा, चला. सगळे थांबलेत."

त्यांनी मान हलवली.

"कुणी पुन्हा काही बोललं का?"

"नाय. समदी चांगली बोलतात."

"मग?"

त्यांनी घोंगडीच्या घडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, पालखीम्होरं चालताना मी एकटा चालत नव्हतो. त्यो म्होरं असायचा. मी त्याच्या मागं. बापानं मला तसंच शिकवलं, डोळ्यापुढं त्याला आन आन मग पाय टाक. आता त्याचं तोंड कुनी बघितलंय? पन मला त्यो माझ्या बापासारखाच दिसायचा. सुकलेला, घामाघूम, म्हातारीला आनाया निघालेला." नेहमीच्याच जागी आवाज बसला. पण या वेळी पाणी प्यायला उठले नाहीत. "पंधरा दिस झालं, डोळं मिटलं का त्यो येतो, टीव्हीतला. दात काढून हसतो. बापाचं तोंड आनाया बघतो, येतच नाय. त्याच्या मागं कसा जाऊ मी?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "बाबा, तो नट आहे हो. पगारी माणूस. मी त्याला बघितलंय, चहात पाव बुडवून खातो. ते सगळं खोटं आहे."

"म्हाईत हाय मला," म्हातारा म्हणाला. "खोटं हाय ते मला म्हाईत नाय व्हय? तरी त्योच येतो."

याचं उत्तर इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात असतं तर मला पाठ असतं.

देवळाकडून ढोल सुरू झाले. ऊन चढायला लागलं होतं, त्यांना थांबता येईना. पालखी वळणावरून आली, दारासमोर जराशी थबकली, सगळ्यांनी ओट्याकडे बघितलं. बाबा उठले, देवीला हात जोडले आणि परत भिंतीला टेकून बसले. पालखी पुढे गेली. तिच्या पुढे कुणीच नव्हतं.